जामीन

नकाशावर तीन टाचण्या टोचल्या.
तैफुनने वहीत रकाने आखले:
शाळा, दवाखाना, भाडं, पाणी किती दिवसांआड,
विमानतळ किती तासांवर,
आणि सगळ्यात शेवटी, पेन्सिलने, राख.

पुएब्लात चार वर्षं झाली.
डोंगर धुमसला की सकाळी गाडीवर करडी पिठी,
दोरीवरच्या चादरी झटकायच्या, पुन्हा धुवायच्या,
आणि रात्री दोनला इदिलचा खोकला,
शेजारच्या दोन्या एउलालियालाही उठवणारा.
ती मधल्या भिंतीवर दोनदा टकटक करते.
म्हणजे: ऐकलं.
म्हणजे: कोमट पाणी दे तिला.

आधी मेरिदाला गेलो.
खोल्याखोल्यांतल्या भिंतींना लोखंडी आकडे.
मालकीण म्हणाली, खाटा कशाला आणताय,
इथे माणसं टांगून झोपतात.
मी किटली सोबतच नेली होती.
समुद्रसपाटीला पाणी शेवटी नीट उकळलं,
चहा उतरला थेट इझमीरच्या आईच्या हातचा,
आणि पिताना हनुवटीवरचा घाम पेल्यात.

केरेतारोत घरं कोरी करकरीत, फाटकावर पहारेकरी,
रस्त्यांना झाडांची नावं
आणि सावलीला एकही झाड नाही.
तैफुनच्या सगळ्या रकान्यांत बरोबरच्या खुणा.
इदिलने विचारलं, इथे गॅसवाला कसा ओरडतो?
ओरडत नाही, गॅस पाइपातून येतो.
त्यावर ती काहीच बोलली नाही.
मी गुपचूप वहीत एक रकाना वाढवला
आणि त्याला काय नाव द्यावं ते सुचलं नाही.

दलाल वेगळे, प्रश्न एकच,
पेनाचं टोपण लावता लावता:
तुमचा जामीन कोण?
याच शहरात ज्याचं स्वतःचं घर आहे असा माणूस.
उद्या तुम्ही पळालात तर कुणाला धरायचं?
जमीन नाही म्हणून जामीन हवा,
आणि जामिनाला हवी कुणाची तरी जमीन.
आमच्याकडे कंपनीचं पत्र, तीन पासपोर्ट,
आणि अनामत भरायची तयारी.

एउलालियाला सांगितलं तर ती कमरेच्या किल्ल्या चाचपत म्हणाली,
मी आहे की!
पण तुझं घर पुएब्लात, ते तिकडे चालत नाही.
ती भडकलीच.
घर काय वेस ओलांडली की घर राहत नाही?
मग आत जाऊन बराच वेळ फोनवर भांडल्यासारखं बोलली.
बाहेर आली: हालापाला माझी मावसबहीण आहे. तोमासा.

हालापा म्हणजे वाकडी बसलेली तिसरी टाचणी.
धुकं, भुरभुर, चार दिवस न वाळणारे मोजे,
कपाटाच्या पाठीला हिरवट बुरशी.
तैफुन म्हणाला, आपण फुप्फुसांसाठी निघालोय ना?
डॉक्टर म्हणाले, राखेपेक्षा ओल बरी.
थांबून म्हणाले, बहुतेक.

नोटरीच्या कचेरीत तोमासा आली,
एका प्लास्टिकच्या पिशवीत घराचे कागद,
त्याच पिशवीत वर गरम तमाले,
कागदाच्या एका कोपऱ्याला तेलाचा डाग.
आमच्याकडे तिने धड पाहिलंसुद्धा नाही.
पाहिलं इदिलकडे.
रात्री दोनला, ना? एवढंच विचारलं,
आणि सही केली सुट्या सुट्या अक्षरांत,
उशिरा लिहायला शिकलेल्या माणसाची सही,
शेवटच्या अक्षरावर पेन जरा जास्तच दाबून.

वही कुठल्याशा खोक्यात गेली. कुठल्या, ते आठवत नाही.

पहिल्या रात्री गाद्या जमिनीवर.
दोन वाजून गेले असतील, इदिल खोकली.
एकदाच.
मग तिघंही अंधारात श्वास धरून,
भिंतीकडे कान लावून.
काहीच आलं नाही.
शेवटी मी उठले
आणि भिंतीवर मीच दोनदा टकटक केलं.

पलीकडे कोण राहतं ते अजून माहीत नाही.